३६ फ्रेमचा रोल

(कपाट उघडतं. कॅमेऱ्याची बॅग.)

सिलिका जेलच्या पुड्या निळ्या होत्या, आता गुलाबी आहेत. म्हणजे ओल शोषून त्या कधीच थकल्या. लेन्स तिरपी करून उजेडासमोर धरली की काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. बंद बॅगेत पावसाळा काढला की ही बुरशी येते. कडेला एवढीशी असेल तर फोटोत जाणवत नाही. आतवर पसरली असेल तर लेन्स जाणकाराकडेच द्यावी.

शेजारी हार्ड डिस्क. फोटोग्राफीची हौस विझते ती बहुधा इथे. सकाळी सहाशे खटके मारायचे, रात्री निवडायला बसायचं आणि कंटाळून लॅपटॉप मिटायचा. नवा कॅमेरा घेतला की सहाशेचे नऊशे होतात, एवढंच.

(टेबल. पेंटॅक्स के१०००, फिल्मवर चालणारा कॅमेरा.)

हा १९७६ साली आला. फोकस, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), सगळं हाताने. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरपुरती. रोल भरण्याआधी मागच्या दाराचा काळा फोम बोटाने दाबून बघायचा. चिकट झाला असेल तर उजेड शिरून निगेटिव्हवर पट्टे उमटतात.

आता हे नीट बघा. फिल्मचं टोक ती गुंडाळणाऱ्या स्पूलच्या खाचेत, दोन्ही कडांची भोकं दात्यांवर, दार बंद. रिवाइंडचा नॉब हलकेच फिरवून ढील काढली. आता लिव्हर ओढताना नजर त्या नॉबवर. तो उलटा फिरला, म्हणजे फिल्म सरकतेय. नाही फिरला, तर ३६ खटके वाया!

(पुणे. महात्मा फुले मंडई, सकाळ.)

४०० आयएसओची (आकडा मोठा, तेवढा कमी उजेड पुरतो) कृष्णधवल फिल्म इलफर्ड एचपी५ प्लस, ५० एमएमची एकच लेन्स. बाहेर कडक उन्हात अपर्चर १६, शटर १/५०० सेकंद. आत दिव्यांखाली अपर्चर २ वर उघडून १/६०, कोपर अंगाला टेकवून. पालकाच्या जुड्या रचणारे हात क्षणभर थांबतात, तेवढ्यात दाबायचं. सकाळभरात अकरा फ्रेम. मोबाइलवाल्याला हे कंजूसपणाचं वाटेल.

(बाथरूम. परातीत बर्फाचं पाणी, त्यात बाटल्या.)

रोल घरीच धुवायचा. उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगेत हात घालून, अंदाजाने फिल्म रिळावर चढवायची. रीळ कोरडं ठणठणीत हवं. एक थेंब राहिला तरी फिल्म मध्येच अडकते. चित्र उमटवणारं रसायन, डी-७६ डेव्हलपर, १५० मिली, तेवढंच पाणी, तापमान २० अंश. नळाचं पाणी २८ ला असतं, म्हणून हा बर्फ. ११ मिनिटं. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत टँक (रीळ ठेवलेलं बंद भांडं) चारदा उलटायचा आणि ओट्यावर आपटायचा, हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटले तर तिथे डाग राहतो. मग साध्या पाण्याची एक फेरी, पाच मिनिटं चित्र पक्कं करणारा रॅपिड फिक्सर, पुन्हा धुणं.

(पंखा बंद. दोरीवर निगेटिव्ह, खाली वजनाला चिमटा.)

चार फ्रेम जमल्या. बाकी हलल्यात.

(फ्रिज. नवी डबी.)

पुढचा रोल बाहेर काढून ठेवलाय. थंड डबी लगेच उघडली तर फिल्मवर दव धरतं, म्हणून तासभर तशीच.