चार ताटं, पाच तोंडं

मंडळी, आज सुरुवात एका हिशेबाने करू या. साल १९२६. इंग्लंडच्या उत्तरेकडचा डरहॅम परगणा, तिथल्या कोळसा खाणकामगाराचं घर. नवरा, बायको, तीन मुलं. मे महिना लागला तेव्हापासून खाण बंद, त्यामुळे घरात पगार नाही. बायको गावच्या गरीब-मदत कचेरीत जाऊन रांगेत उभी राहते. तिचा नंबर आला की कारकून हिशेब मांडतो : बायकोचे १२ शिलिंग, मुलामागे ४ प्रमाणे तीन मुलांचे १२, एकूण आठवड्याला २४ शिलिंग. नवऱ्याचे किती? काहीच नाही. कचेरीच्या लेखी तो माणूस जेवतच नाही.

आता डोळ्यांसमोर आणा. चूल एक, पातेलं एक, चार माणसांपुरतं अन्न आणि जेवायला पाच जण. ती बाई नवऱ्याला बाजूला बसवून मुलांना वाढेल का? नाही वाढणार. सगळ्यांच्या वाटणीतून थोडं थोडं काढेल आणि शेवटी स्वतः कमी खाईल. गिरणगावातल्या, नाही तर दुष्काळ पाहिलेल्या कुठल्याही घरातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आणि हा खाणकामगार लग्न न झालेला, कुणाच्या घरी खोली घेऊन राहणारा असेल, तर त्याला कचेरीचं दारच बंद.

हा नियम कुठून आला? १८९८ साली दक्षिण वेल्समधल्या खाणी जवळपास सहा महिने बंद होत्या. मर्थर टिडफिल या गावच्या गरीब-मदत मंडळाने कामगारांना मदत दिली, म्हणून मंडळावर खटला झाला. १९०० साली अपील कोर्टाने निकाल दिला : अंगात ताकद आहे आणि काम मिळतंय, तरी जो करत नाही, त्याला सार्वजनिक पैशातून मदत देणं बेकायदा. बायकामुलांना देता येईल. आणि त्या माणसाला कधी? उपासाने खंगून तो काम करायलाच असमर्थ झाला, तर. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मदत हवी असेल तर आधी उपासमारीने आडवा हो, असं न्यायालय एका कष्टकरी माणसाला सांगत होतं.

इथे एका शब्दापाशी थांबतो. १९२६ च्या या लढ्याला आपण सगळे 'संप' म्हणतो. खरं तर ती टाळेबंदी होती. मालकांनी कमी पगाराच्या अटी पुढे केल्या. कामगारांनी त्या नाकारल्या आणि खाणी बंद झाल्या. दहा लाखांहून जास्त माणसं एका रात्रीत बाहेर पडली. त्यांची घोषणा साधी होती : पगारातली एक पेनी जाणार नाही, कामाचा एक मिनिट वाढणार नाही. म्हणजे यांनी काम सोडलं नव्हतं, जुन्या अटींवर ते करायला तयार होते. तरी मदतीच्या वेळी कायद्याने त्यांना 'काम असून न करणारे' याच रकान्यात टाकलं.

त्यांना पाठिंबा म्हणून इतर कामगारांनी केलेला देशव्यापी संप ३ मेच्या मध्यरात्री सुरू झाला आणि १२ मेला मागे घेतला गेला. बहुतेक पुस्तकं त्या नऊ दिवसांवरच थांबतात. खाणकामगार मात्र मागे फिरले नाहीत. मे ते नोव्हेंबर, जवळपास सात महिने ते उभे राहिले. माझा विषय तो काळ आहे, कारण सरकारचं खरं काम त्या सात महिन्यांत दिसतं.

५ मे रोजी, म्हणजे देशव्यापी संप ऐन भरात असताना, आरोग्य खात्याने मदत मंडळांना एक परिपत्रक धाडलं. क्रमांक ७०३. मगाशी सांगितलेले १२ आणि ४ शिलिंग त्यातलेच. ती वरची मर्यादा समजायची होती. आरोग्यमंत्री होते नेव्हिल चेंबरलेन, पुढे पंतप्रधान झाले तेच. या मंडळांना 'बोर्ड ऑफ गार्डियन्स' म्हणत, आपण पालक मंडळ म्हणू. ही मंडळं निवडून आलेली असत. खाणपट्ट्यात लोकांनी आपल्यातलीच माणसं निवडून दिली होती, खाणकामगार आणि त्यांच्या घरातल्या बायका. रांगेत उभी असलेली बाई आणि टेबलापलीकडचा सदस्य एकाच गल्लीतले. त्या सदस्याला ठाऊक होतं की घरात पाच जण जेवतात. म्हणून काही मंडळांनी परिपत्रकातल्या मर्यादेहून जास्त मदत दिली.

मग जुलैत नवा कायदा आला. मंडळ आपलं काम नीट चालवू शकत नाही असं मंत्र्याला वाटलं, तर तो निवडलेलं मंडळ बाजूला सारून आपली माणसं नेमू शकत होता. पहिला घाव पूर्व लंडनच्या वेस्ट हॅमवर बसला, तिथे खाणी नव्हत्या, पण कर्जबाजारी मंडळ होतं आणि गरिबांना हात सैल होता. ऑगस्टअखेर पाळी आली डरहॅममधल्या चेस्टर-ले-स्ट्रीटची, आणि हा थेट खाणपट्टा. लोकांनी निवडलेले सदस्य घरी गेले, वरून नेमलेले आले, मदत कापली गेली. फेब्रुवारी १९२७ मध्ये वेल्समधलं बेडवेल्टी. तोवर लढा संपलेला होता, तरीसुद्धा. त्याच परिसरातल्या ट्रेडेगर गावात अन्यूरिन बेव्हन नावाचा एक तरुण खाणकामगार पुढारी लोकांसाठी धडपडत होता. हाच माणूस पुढे मंत्री झाला आणि १९४८ साली त्याने ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. डॉक्टरकडे जाताना खिशाचा विचार करावा लागू नये, हा त्याचा हट्ट कुठे घडला असेल, ते मला इथे दिसतं.

ही झाली भाकरीची बाजू. आता सभांकडे येतो.

ब्रिटनमध्ये १९२० साली आणीबाणीच्या अधिकारांचा कायदा झाला होता. अन्न, पाणी, इंधन, वाहतूक धोक्यात आली की सरकारने आणीबाणी जाहीर करायची, तिची मुदत एक महिना, नियम संसदेपुढे ठेवायचे. याच कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की संपात भाग घेणं, किंवा दुसऱ्याला शांतपणे संपासाठी वळवणं, हा कुठल्याही नियमाने गुन्हा ठरवता येणार नाही. हे कलम मी मुद्दाम सांगतो. संप करण्यावर बंदी नव्हती. पण संपासाठी माणसांना एकत्र यावं लागतं, बोलावं लागतं आणि दोन घास खावे लागतात. बंधनं नेमकी त्यांच्यावर आली.

आणीबाणी एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत जाहीर झाली. देशव्यापी संप मिटला, गाड्या धावू लागल्या, वर्तमानपत्रं निघू लागली, आणीबाणी मात्र महिन्यामागून महिना वाढवत वर्षाच्या अखेरीपर्यंत नेली. तिच्या नियमांत एक होता राजद्रोह आणि असंतोष पसरवणाऱ्या कृतीबद्दल. तो इतका मोघम की पोलिसांना हवा तसा लावता येई. दुसरा सभा-मिरवणुकांबद्दल. गृहमंत्री जॉयन्सन-हिक्स यांनी अधिकार दिला की पोलीसप्रमुख सभेवर मनाई हुकूम काढू शकत. आपल्याकडे जमावबंदी म्हणतात, तसलाच प्रकार.

शरद ऋतू आला तशी मध्य इंग्लंडमधली माणसं थकून कामावर परतू लागली होती. खाणकामगारांचे सरचिटणीस ए. जे. कुक तिकडे सभा घेत फिरले. हा माणूस वेल्समधल्या ऱ्हाँडाच्या खाणीत राबलेला. दिवसात कितीतरी सभा घ्यायचा, बोलून बोलून घसा बसायचा, तरी हजारो लोक ऐकायला यायचे. त्याच सुमाराला स्टॅफर्डशरमध्ये त्यांच्या सभांना मनाई झाली. सहा महिने पगार नसलेल्या माणसाला सभा म्हणजे काय होतं, याचा विचार करा. शेजारची खाण अजून उभी आहे का, मदत कुठे कापली, सामुदायिक स्वयंपाकघर कुठे चालू आहे, हे तिथे कळायचं. आपण एकटे नाही हे तिथे डोळ्यांना दिसायचं. सभा बंद झाली की माणूस घरात रिकाम्या पातेल्यासमोर एकटा उरतो, आणि मग तो किती दिवस टिकेल?

आता आपल्या मुंबईच्या माणसाविषयी. शापुरजी सकलातवाला, जन्म मुंबईत, १८७४. जमशेटजी टाटांचे भाचे. प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या गोरगरिबांत काम केलेले. टाटांसाठी खनिजांच्या शोधात आपल्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात, लोहाऱ्याकडे हिंडलेले. म्हणजे जमिनीखालची संपत्ती कुणाच्या घामाने वर येते, हे त्यांनी इथे विदर्भात पाहिलं होतं. पुढे ते विलायतेला गेले, कम्युनिस्ट झाले आणि लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून खासदार म्हणून निवडून आले. १ मे १९२६ रोजी हाइड पार्कच्या सभेत ते बोलले, सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळी झाडू नये असं आवाहन केलं. तीन दिवसांनी अटक. चांगल्या वर्तणुकीची हमी द्या, सुटाल, असं सांगण्यात आलं. हमी द्यायची म्हणजे यापुढे तोंड बंद ठेवायचं. त्यांनी नकार दिला आणि वर्मवुड स्क्रब्सच्या तुरुंगात दोन महिने काढले. निवडून आलेला खासदार, तोही काळ्यांच्या देशातला म्हणून हिणवला जाणारा, वेल्स आणि डरहॅमच्या गोऱ्या खाणकामगारांसाठी कोठडीत बसला. मुंबईत त्यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

सरकारी मदत आटली तरी लोकांनी हात आखडता घेतला नाही, हेही सांगायला हवं. मजूर पक्षाच्या बायकांनी समिती काढली, मॅरियन फिलिप्स यांनी ती चालवली आणि खाणकामगारांच्या बायकामुलांसाठी तीन लाखांहून जास्त पौंड उभे केले. मुलांना इतर गावच्या कुटुंबांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. रशियन कामगारांकडून दहा लाखांहून जास्त पौंड आले. गावोगावच्या सभागृहांत बायकांनी मोठाल्या भांड्यांत सूप शिजवलं.

ब्रिटनच्या खाणकामगारांच्या १९८४ च्या संपात हेच पुन्हा घडलं, म्हणून दोन वाक्यं त्यावर. केंटचे खाणकामगार उत्तरेकडे निघाले, तर पोलिसांनी त्यांना डार्टफर्डच्या बोगद्यापाशीच अडवून माघारी पाठवलं. आणि १९८० च्या कायद्याने संपकऱ्याच्या कुटुंबाच्या भत्त्यातून युनियनने दिला असं धरलेला 'मानीव' संपभत्ता कापला जाई, १९८४ मध्ये आठवड्याला १५ पौंड. खाणकामगारांची युनियन तो भत्ता देत नव्हती. न मिळालेले पैसे मिळाले असं धरून मुलांच्या तोंडचा घास कमी केला.

परत १९२६ कडे. नोव्हेंबरच्या अखेरीस वेल्स आणि डरहॅमची माणसं सगळ्यात शेवटी खाली उतरली. जुलैतच कायदा बदलून सातऐवजी आठ तासांच्या पाळीची वाट मोकळी केली होती, पगार कमी झाला होता, आणि पुढारलेल्या कितीतरी जणांना मालकांनी परत घेतलंच नाही. ती २४ शिलिंगची मदतही बऱ्याच ठिकाणी दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून दिलेली होती. बायकोने मुलांसाठी आणलेल्या त्या पैशांची फेड आता नवऱ्याने करायची होती, ज्याचं नाव त्या हिशेबात कुठेच नव्हतं.