समर्पित आई: लेकरू पोटचं, पण मालकी देवाची

प्रभूमध्ये सर्वांना सलाम!

आजचा विषय आहे समर्पित आई. हा विषय निघाला की पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रे पुस्तकाचा ३१ वा अध्याय उघडला जाणारच. रात्र सरायच्या आत उठणारी, लोकर-ताग घेऊन बसणारी, शेत विकत घेणारी, दिवा न विझू देणारी बाई. मातृदिनाला मंडळीत हा उतारा वाचला जातो आणि समोर बसलेल्या आया मनातल्या मनात म्हणतात, "मला तर दुपारीच डुलकी लागते, माझं काही खरं नाही."

म्हणून आधी त्याचा निकाल लावू. हा अध्याय म्हणजे लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण. पहिल्याच वचनात तसं लिहिलंय. १० ते ३१ ही २२ वचनं इब्री (हिब्रू) वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचली आहेत. एखाद्या बाईच्या एका दिवसाचं ते वेळापत्रक नाही. आणि या कवितेच्या आधी आई लेकाला काय सांगते? दारूच्या नादी लागू नकोस, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. मुलाला वळण लावायला सांगितलेला अध्याय आपण बायकांना जोखायला वापरतो. असो.

मुद्द्यावर येते. माया सगळ्याच आयांना असते, त्यासाठी ख्रिस्ती असायची गरज नाही. पवित्र शास्त्रातल्या आयांकडे पाहिलं की वेगळी गोष्ट दिसते. मूल आपल्या पोटचं असलं तरी ती देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, हे त्यांना कळलेलं असतं. आणि हे कळणं फार महाग पडतं.

हन्नाचंच बघा. मूल होत नाही, सवत पनिन्ना टोचून बोलते. शिलो या उपासनेच्या ठिकाणी ती प्रार्थना करते तेव्हा ओठ हलतात, आवाज फुटत नाही, आणि याजक एलीला वाटतं ही प्यायलीय! तिथे ती नवस करते: मुलगा दिलास तर तो तुझाच. शमुवेल होतो. दूध तुटेपर्यंत ती त्याला जवळ ठेवते. त्या काळी मूल दोन-तीन वर्षं अंगावर पीत असे, म्हणजे बोबडं बोलणारं पोर. ते पोर ती नेऊन शिलोला सोडते.

आता इथे जरा थांबा, कारण पुढचं आपण भरभर वाचून जातो. ती त्याला कोणाच्या घरी सोडते? एलीच्या. त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास म्हणजे देवाच्या अर्पणातलं मांस बळजबरीने हिसकावणारे, निर्लज्ज. ज्या म्हाताऱ्याला स्वतःची पोरं आवरली नाहीत, त्याच्या ओटीत हन्नाचं लेकरू! मला विचाराल तर हन्नाचा भरवसा एलीवर नव्हताच. असता तर ती वेडीच म्हणायला हवी. तिने मूल देवाला दिलं होतं, एली फक्त तिथे होता.

(पडद्यावर: १ शमुवेल २:१९)

आणि दिलं म्हणजे विसरली का? दरवर्षी वार्षिक यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. मूल नजरेसमोर नाही. खांदे किती भरले, हात किती लांब झाले, सगळं अंदाजाने. वर्षभराची वाढ मनात धरून कापड कापायचं. सोडून देणं आणि काळजी करणं एकाच बाईत कसं नांदतं, हे मला या एका वचनातून जितकं कळलं तितकं कुठल्या प्रवचनातून कळलं नाही.

मोशेची आई योखबेद. तिचं नाव निर्गम पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात नाही, ते सहाव्यात मिळतं. मिसरचा राजा फारो, त्याचा हुकूम होता की इब्री मुलगे नाईल नदीत टाका. तिने बाळ तीन महिने लपवलं, आणि मग नदीतच ठेवलं, पण डांबर-राळेने लिंपलेल्या पेटीत. पुढे फारोच्या मुलीकडून पगार घेऊन तिने स्वतःच्याच मुलाला पाजलं! हाताशी वर्षं थोडीच होती. पण तोच मुलगा मोठेपणी राजवाडा सोडून गुलाम असलेल्या इब्री लोकांच्या बाजूने उभा राहिला.

आणि याची उलटी बाजूही शास्त्र लपवत नाही. रिबका. तिचे जुळे मुलगे, थोरला एसाव आणि धाकटा याकोब. थोरला धाकट्याची सेवा करील, हे देवाने तिला आधीच सांगितलं होतं. तरी तिला धीर निघाला नाही. याकोबाच्या हाताला करडांची कातडी बांधून तिने आंधळ्या नवऱ्याला फसवलं, थोरल्याचा आशीर्वाद याकोबाला मिळावा म्हणून. मग एसावाच्या रागापासून वाचवायला म्हणाली, "थोडे दिवस मामाकडे जा." ते थोडे दिवस २० वर्षं झाली, आणि मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचं शास्त्रात कुठेच नाही. प्रेम होतंच हो, कमी पडला तो देवावरचा भरवसा.

ज्यांच्या घरात विश्वास एकटीचाच आहे, त्यांनी युनीकेकडे पाहावं. ती यहुदी, नवरा ग्रीक. मुलाची, म्हणजे प्रेषित पौलाचा साथीदार तीमथ्य याची, यहुदी रिवाजाप्रमाणे सुंतासुद्धा झालेली नव्हती. म्हणजे घरात सगळं तिच्या मनासारखं होत होतं असं दिसत नाही. पण लहानपणापासून पोराला शास्त्र माहीत होतं. पौलाने तिच्याबरोबर आजी लोइसचंही नाव घेतलंय. आज्यांनो, ऐकताय ना?

आता मोठ्या मुलांच्या आया. पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेला ऑगस्टीन, ३८३ साली तरुणपणी त्याला रोमला जायचं होतं. आई मोनिका सोडेना. त्याने थाप मारली, ती समुद्रकाठी प्रार्थनेत असताना रात्री जहाज हाकारलं. तिची प्रार्थना होती, "याला जाऊ देऊ नकोस." तो गेला. पण तिकडूनच तो मिलानला पोहोचला, तिथे बिशप अँब्रोजचा उपदेश ऐकला आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. तो ख्रिस्ती व्हावा ही तिच्या मनातली खरी मागणी पुरी करायला देवाने त्या रात्रीची मागणी नाकारली, असं ऑगस्टीनने स्वतःच लिहिलंय. त्याच वर्षी ती वारली.

"मग आम्ही मुलांना काही बोलायचंच नाही का?" बोलायचं की. काना गावच्या लग्नात मरीया येशूला एवढंच म्हणाली, "त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही." उत्तर तसं तुटकच मिळालं. तिने वाद घातला नाही, रुसली नाही. चाकरांना म्हणाली, "हा तुम्हाला जे काही सांगेल ते करा," आणि बाजूला झाली. मुलगा तिशीचा झाला की एकदा सांगायचं, आणि मग त्याला त्याचं करू द्यायचं. तेच वाक्य जेवताना, फोनवर आणि पाहुण्यांसमोर ऐकवलं तर ते मुलांच्या कानांवरून नुसतं घसरतं.

एली मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्वतःचे मुलगे हाताबाहेर गेले, आणि दुसऱ्याचं लेकरू त्याच्याच हाताखाली संदेष्टा झालं. बापाचं कुठे चुकलं? ते पुढच्या व्हिडिओत. तेव्हा वडिलांची पाळी, नवऱ्यांना शेजारी बसवून बघा.