विषारी मालाच्या केसमध्ये कंपनीचा वकील नेमकं करतो तरी काय?

नमस्कार मंडळी! आज अशा वकिलाबद्दल बोलूया ज्याला सिनेमात कायम व्हिलन करून टाकतात. अमेरिकेत केमिकलमुळे, धुळीमुळे, पाण्यात मिसळलेल्या घाणीमुळे कुणी आजारी पडलं की कंपनीवर दिवाणी दावा ठोकतात, त्याला म्हणतात टॉक्सिक टॉर्ट, आणि कंपनीच्या बाजूने लढतो तो डिफेन्स अ‍ॅटर्नी. फौजदारीवाला नाही हं, इथे जेल वगैरे काही नाही, भांडण भरपाईचं.

आपल्याला वाटतं हा माणूस कोर्टात जाऊन सांगत असेल की आमची कंपनी म्हणजे गरीब गाय. छे! समोरचा आजारी आहे हे तो बऱ्याचदा मान्यच करतो. तो विचारतो एवढंच, की आमच्याच मालामुळे झालं हे कशावरून?

अ‍ॅस्बेस्टॉसचं घ्या, म्हणजे छपराच्या पत्र्यांत वगैरे वापरलं जाणारं धाग्यासारखं खनिज. 1973 मध्ये बोरेल नावाच्या केसमध्ये फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की धोक्याची सूचना न देता माल विकला तर उत्पादक जबाबदार, आणि मग दाव्यांची रांगच लागली. आता यातला मेसोथेलिओमा हा कॅन्सर धूळ नाकात गेल्यावर 20 ते 50 वर्षांनी उगवतो. म्हणजे डिपॉझिशनला, म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर होणाऱ्या जबानीला, समोर बसलेला म्हातारा कामगार, नाकात ऑक्सिजनची नळी, कॅमेरा चालू कारण खटला उभा राहीपर्यंत तो असेल की नाही सांगता येत नाही, आणि टेबलाभोवती पाच-दहा कंपन्यांचे वकील. कुठल्या कंपनीचं पोतं होतं? रंग कोणता? कागदाचं की कापडाचं? ते फोडायचं कोण, आणि तुम्ही किती फुटांवर उभे होता? तो म्हणतो आठवत नाही, की एक वकील गुपचूप पॅडवर खूण करतो, त्याचा क्लायंट कदाचित सुटला. मला हे ऐकूनच कसंतरी होतं, खरं सांगते. पण हे विचारलंच नाही तर ज्याच्या खिशात पैसा तोच दोषी असं होऊन बसेल, तेही बरोबर नाही ना.

दुसरी लढाई सायन्सची. हा पदार्थ हा आजार करू शकतो का, हा एक प्रश्न, आणि याच माणसाला त्यानेच केला का, हा वेगळा. सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या डॉबर्ट निकालापासून एक्सपर्टची पद्धत पक्की आहे का हे जज आधी तपासतो, मगच तो एक्सपर्ट ज्युरीपुढे. 1997 ची जॉइनर केस बघा, इलेक्ट्रिशियन, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी नावाचं विषारी केमिकल, फुफ्फुसाचा कॅन्सर, वर स्वतः सिगारेट ओढलेली. त्याच्या एक्सपर्टनी उंदरांच्या पिल्लांवरचे प्रयोग दाखवले, ज्यात डोस प्रचंड होते. ट्रायल जजने ते बाहेर काढले आणि सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. म्हणून या वकिलाची निम्मी करिअर टॉक्सिकॉलॉजिस्टच्या, म्हणजे विषांच्या तज्ज्ञाच्या, मागे रिपोर्ट घेऊन फिरण्यात जाते.

बाकी रस्ता नेहमीचा, डिग्री, तीन वर्षं लॉ स्कूल, बार एक्झाम. मग सुरुवातीची वर्षं जुनी कागदपत्रं वाचत बसायचं, आणि बऱ्याच फर्ममध्ये बिलासाठी कामाच्या सहा-सहा मिनिटांचा हिशोब लिहायचा. बिल कितीदा विमा कंपनी भरते, त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पॉलिसी शोधणं हेही कामच.

आणि त्या ढिगाऱ्यातच कधीतरी नको तो कागद निघतो. 1935 मध्ये रेबेस्टॉस या अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रेसिडेंटने जॉन्स-मॅनव्हिल या तशाच दुसऱ्या कंपनीच्या वकिलाला लिहिलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल जितकं कमी बोलू तितकं आपल्या भल्याचं. हो हो, वकिलालाच! ते पत्र 1970 च्या दशकात बाहेर आलं आणि 'आम्हाला काय माहीत' हा बचाव गेला बाराच्या भावात. 1982 मध्ये जॉन्स-मॅनव्हिलने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता समजा आजच्या एखाद्या ज्युनिअरच्या हाताला असा कागद लागला. समोरच्याने मागितलेल्यात तो बसत असेल तर द्यावाच लागतो, फाडून टाकला तर जज सोलून काढेल. म्हणजे त्याने सीनिअरला उठवायचं, सीनिअरने क्लायंटला, आणि मग सेटलमेंटचा आकडा किती यावर बोलणं सुरू.