एका तासाचा मेहुणा

मुलांनो, 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधला बाल्कनीचा प्रवेश तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आज अंबाजोगाईच्या या सभागृहात मी तुम्हाला त्या बाल्कनीतून खाली रस्त्यावर आणणार आहे. तिसरा अंक, प्रवेश पहिला. इथवर नाटक जवळजवळ विनोदीच आहे. चोरून भेटी, दाईची थट्टा, रोमिओ-ज्युलिएटचं घाईत, गुपचूप उरकलेलं लग्न. इथून त्याची दिशा फिरते, ती कायमची.

रोमिओचा भाऊबंद बेन्व्होलिओ येतो तोच म्हणतो, ऊन फार आहे, घरी जाऊ, अशा दिवसांत माणसाचं डोकं भडकतं. त्या काळी लंडनात नाटक उघड्या नाट्यगृहात, भर दुपारी व्हायचं. प्रकाशयोजना नव्हती. ऊन तापवायचं ते शब्दांनीच. मे महिन्यात परभणीच्या बसस्थानकावर, नुसत्या जागेवरून दोन माणसं कशी एकमेकांच्या अंगावर धावून जातात हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

मग ज्युलिएटच्या, म्हणजे शत्रूच्या घराण्यातला टिबाल्ट येतो आणि रोमिओला 'नीच' म्हणतो. रोमिओ उलटून बोलत नाही. तुझ्यावर माया करायला माझ्याकडे कारण आहे, एवढंच म्हणतो. आता नातं बघा. टिबाल्ट हा ज्युलिएटचा मामेभाऊ, म्हणजे रोमिओचा मेहुणा. तोही जेमतेम तासाभरापूर्वी झालेला! त्या रस्त्यावर हे एकट्या रोमिओला माहीत आहे, आणि आपल्याला. परीक्षेत याला नाट्यगत उपरोध म्हणा. तालमीत मात्र एवढंच धरा की एक वाक्य ओठांवर आलंय आणि ते गिळावं लागतंय. ते गिळणं रोमिओच्या मित्राला, मर्क्युशिओला, शरणागती वाटतं, म्हणून तलवार तो उपसतो.

शेक्सपिअरनं ज्यावरून नाटक घेतलं त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या दीर्घकवितेत मर्क्युशिओ मेजवानीत दिसतो आणि संपतो. टिबाल्टशी मारामारी होते तीही लग्नाला बरेच दिवस उलटल्यावर. शेक्सपिअरनं ते अंतर तासावर आणलं आणि मधे मित्राचं मरण घातलं. माझ्या मते सगळी शोकांतिका या दोन बदलांवर उभी आहे.

रोमिओ सोडवायला मधे पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टची तलवार मर्क्युशिओच्या अंगात शिरते. काल तालमीत तुमचा रोमिओ कडेला उभा राहून हात पसरत होता. मी त्याला मर्क्युशिओकडे तोंड करून दोघांच्या मधोमध उभा केला, हात वर. टिबाल्ट त्याच्या पाठीमागे गेला, आणि मर्क्युशिओला समोरचं काही दिसेना. काठी बगलेखालून आली तेव्हा खोलीत कुणी हललं नाही.

मरताना मर्क्युशिओ कोटी करतो, 'ग्रेव्ह' या शब्दावर. गंभीर, आणि थडगंही. मराठीत थडग्यामागे लागू नका. मी असं करीन: 'उद्या चौकशीला या, मी अगदी शांत झालेलो असेन.' घरातलं म्हातारं माणूस गेलं की 'शांत झालं' म्हणतोच की आपण. जखम लहान आहे असं रोमिओला अजून वाटतंय, म्हणून या वाक्यावर त्यानं आधी हसायला हवं.

बेन्व्होलिओ मर्क्युशिओला आधार देऊन आत नेतो. मरण आत होतं, आपल्याला दिसत नाही. तेवढा वेळ रोमिओ मंचावर एकटा असतो. इथं घाई करू नका. तो बोल लावतो तो ज्युलिएटला, तुझ्या रूपानं मला मऊ केलं म्हणून. पुढचा प्रवेश उघडतो तेव्हा ती सूर्याला लवकर मावळ म्हणत असते. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.