नऊ विरुद्ध सहा

नमस्कार मंडळी. आज मतदानावर बोलायचंय, पण विधानसभेच्या नाही, सोसायटीच्या. ते एजीएम हो, वार्षिक सर्वसाधारण सभा, पाचला बोलावतात, कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास तहकूब आणि साडेपाचला तेच आठ चेहरे.

तर आमची बिल्डिंग तळमजला अधिक चार, मजल्यावर तीन-तीन फ्लॅट, पंधरा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. कोटेशन आलं 15 लाख, घरटी एक लाख. त्या सभेला मात्र सगळे हजर, खिशाला चाट बसणार म्हटल्यावर कोरम बरोब्बर भरतो! चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, अहो सिलिंडर चढवताना जीव जातो, मला तीन लाखांचा फायदा आहे. वरच्या सहाही घरांचं तेच, म्हणजे सहा त्रिक अठरा लाख. खालच्या नऊ घरांना फायदा शून्य, वर आदर्श उपविधीनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांवर समान, वापरा नाहीतर नका वापरू. हात वर झाले, विरोधात नऊ, बाजूने सहा, ठराव आपटला. मी पहिल्या मजल्यावरचा, माझाही हात विरोधातच.

बघा हं, फायदा 18 लाख, खर्च 15 लाख, तरी नामंजूर. पुन्हा सांगतो, फायदा जास्त, तरी नामंजूर! कारण हात मोजले जातात, कोणाला किती गरज ते मोजलंच जात नाही.

आणि त्याच सभेत पार्किंगला पेव्हर ब्लॉक मंजूर, आठ विरुद्ध सात. खर्च 6 लाख, घरटी चाळीस हजार, फायदा फक्त आठ गाडीवाल्यांना, फार तर पन्नास-पन्नास हजारांचा, म्हणजे 4 लाख. दोन लाख मातीत गेले ना? (पेव्हर ब्लॉक ही तशीही भिकार गोष्ट, पहिल्या पावसात खचतात, पण कंत्राटदाराला प्रिय.)

1959 साली गॉर्डन टलॉक या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हेच 100 शेतकऱ्यांवरून मांडलं होतं, 51 जण एकत्र आले की सगळ्यांच्या पैशातून आपल्याच शेताकडचे रस्ते दुरुस्त करून घेतात आणि एकूण खर्च गरजेपेक्षा वाढतो. असो.

तर दोन वर्षांनी वरच्या सहा घरांनीच पुढाकार घेतला, प्रत्येकी अडीच लाख काढले, झाले 15. तरी त्यांच्या हिशोबाने प्रत्येकी पन्नास हजार फायद्यातच! देखभालही आम्हीच बघू म्हणाले, फक्त अट एकच, लिफ्टला कुलूप आणि चाव्या त्या सहा घरांकडेच. आम्ही नऊ जणांनी एका मिनिटात सही ठोकली, फुकटात सुटलो म्हणून पेढेसुद्धा खाल्ले.

पुढच्याच पावसाळ्यात माझा गुडघा गेला. चावी चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे मागायची होती, तर मागायला जिन्यानेच गेलो.