शिंगवाल्यांच्या घरातला बिनशिंगी

(पडद्यावर: कवटी, बाजूने, अगदी जवळून)

आधी ही चोच बघा. राघूची वाटते ना? जीवाश्मतज्ज्ञ हेन्री फेअरफिल्ड ओसबोर्न यांनाही तसंच वाटलं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम मंगोलियातून हाडं घेऊन आली आणि १९२३ साली ओसबोर्न यांनी या डायनोसॉरचं बारसं केलं: सिटॅकोसॉरस. ग्रीकमध्ये सिटॅकोस म्हणजे पोपट.

चोचीच्या टोकाला, वरच्या जबड्याच्या पुढे, एक जास्तीचं हाड आहे. हे हाड तीन शिंगांच्या ट्रायसेराटॉप्सच्या घराण्यात असतं, बाकी कुठल्याच डायनोसॉरला नाही. म्हणजे हा त्या शिंगवाल्यांचाच भाऊबंद. पण नाकावर शिंग नाही, कपाळावर नाही, मानेवरची ती भलीमोठी ढालही नाही. गालाची हाडं तेवढी दोन्हीकडे टोकदार बाहेर आलेली. ट्रायसेराटॉप्सचा थेट खापरपणजोबा मात्र म्हणू नका. चुलत शाखेतला, आणि कित्येक कोटी वर्षं आधीचा.

लांबी फार तर दोन मीटर, त्यातही बरीचशी शेपूट. खाणं पाल्याचं. कोंबड्या खडे टिपतात तसे हाही गोटे गिळायचा. काही सांगाड्यांच्या पोटात ते ढिगाने सापडलेत. पिल्लं चार पायांवर चालायची. पहिली तीन वर्षं पुढचे पाय झपाट्याने वाढत, चौथ्या ते सहाव्या वर्षात मागचे, आणि मग स्वारी दोन पायांवर. हाडाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून हे वय वाचलं गेलं.

(पडद्यावर: फ्रँकफर्टचं झेंकेनबर्ग संग्रहालय)

सगळ्यात देखणा नमुना इथे आहे, चीनच्या लिआओनिंग प्रांतातला. यात कातडीसुद्धा टिकली आहे. शेपटीवर काट्यांसारखे लांब केस, सुमारे १६ सेंटीमीटरचे. कशासाठी? दिखाव्यासाठी असावेत. कातडीतल्या रंगद्रव्याच्या खुणांवरून २०१६ मध्ये याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी रंग शोधला: पाठ गडद, पोट फिकट. नुसतं सांगून थांबले नाहीत. चित्रकार बॉब निकोल्स यांनी हुबेहूब पुतळा घडवला. करड्या रंगाची एक प्रतिकृती ब्रिस्टलच्या वनस्पती उद्यानात ठेवून सावल्या कुठे पडतात ते तपासलं. उत्तर मिळालं: हा रंग झाडांखालच्या मंद उजेडात लपायला सोयीचा.

लपायची गरज होतीच. पण कुणापासून?

(पडद्यावर: गुंतलेले दोन सांगाडे)

२०१२ साली लिआओनिंगमध्येच हे सापडलं. वय साडेबारा कोटी वर्षं. खाली सिटॅकोसॉरस, सव्वा मीटरच्या आतबाहेर. वर रेपेनोमॅमस, आपल्यासारखाच सस्तन, लांबीला जेमतेम अर्धा मीटर. डायनोसॉरच्या काळातले सस्तन म्हणजे बिळात थरथरणारे उंदीर, ही आपली समजूत इथे पार उताणी पडते. रेपेनोमॅमसच्याच दुसऱ्या एका सांगाड्याच्या पोटात सिटॅकोसॉरसचं पिल्लूच निघालं होतं. ते २००५ मध्ये जाहीर झालं.

आता जवळ या. रेपेनोमॅमसचा पुढचा पंजा सिटॅकोसॉरसच्या खालच्या जबड्यावर. मागचा पाय त्याच्या पायाला विळखा घालून. झटापट रंगात आलेली, आणि ज्वालामुखीचा चिखल दोघांवर लोटला.

दात अजूनही बरगड्यांतच आहेत.