कोटिंगच्या आधीची गाडी

मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘गाडीच्या रंगावर घरच्या घरी संरक्षक कोटिंग कसे करावे’ असा छापला आहे, आणि त्यावर मी बोलणारच आहे. मात्र या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर कोटिंगची बाटली उघडण्याआधीच्या कामात दडलेले आहे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मांडण्यासाठीच मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले. आपल्यापैकी अनेकांनी वॅक्स म्हणजे मेण, किंवा सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर लावल्यावर घट्ट होऊन पारदर्शक थर बनवणारे द्रव, एकदा तरी स्वतः लावून पाहिले असणार, म्हणून अगदी मुळाक्षरांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. तरीही गाडीच्या रंगाची रचना एकदा डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

पत्र्यावर सर्वांत आधी विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी भरते आणि त्यांतला क्लिअर कोट साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज यावा. आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो ती या क्लिअर कोटची. उन्हातली अतिनील किरणे शोषणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. ‘रंग गेला’ अशी जी तक्रार कानावर येते, ती बहुतेक वेळा या वरच्या थराविषयीची असते. पॉलिश करताना आपण याच थरातला थोडा भाग खरवडून काढतो आणि काढलेला भाग परत येत नाही. म्हणून पॉलिश हा काटकसरीने करण्याचा उद्योग आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या तक्रारीकडे येतो. ती थोडी सविस्तर सांगण्याची मुभा द्यावी. माझ्या एका नातेवाइकाने नवी काळी गाडी घेतली आणि ताबा घेण्याआधी विक्रेत्याकडूनच सिरॅमिक कोटिंग करून घेतले. सावलीत उभी असलेली ती गाडी आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ती उन्हात आणली, तेव्हा बॉनेटवरील सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळेच वर्तुळे उमटलेली दिसली. हे चरे मुळात गोल नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात, पण प्रकाशाच्या बिंदूभोवती जे आडवे येतात तेवढेच उजळून आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात, म्हणून ती वर्तुळे भासतात. आपण डोके हलवले की वर्तुळेही सरकतात. चऱ्यांवर बोट फिरवले तर काही लागत नव्हते, कारण त्यांच्यावर कोटिंग घट्ट बसले होते. गाडी कुणीतरी धुळीच्या फडक्याने पुसली होती आणि त्या पुसण्याच्या खुणा जशाच्या तशा पारदर्शक थराखाली बंद झाल्या होत्या. आता त्या काढायच्या तर आधी पैसे मोजून लावलेले कोटिंगच घासून काढावे लागणार होते.

आम्ही विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की, हे कोटिंग ‘9 एच’ आहे, त्यावर चरा पडूच शकत नाही, तेव्हा तुमच्या पाहण्यातच काहीतरी चूक असावी. या उत्तराचा मला आजही राग येतो आणि या आकड्याविषयी स्पष्ट बोलणे मी माझे कर्तव्य समजतो.

‘9 एच’ हे पेन्सिलीचे माप आहे. शिशामध्ये ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. माती जितकी जास्त तितके शिसे कठीण आणि एचच्या आधीचा आकडा मोठा. रंगाच्या थराची कठीणता तपासताना पेन्सिलीचे लाकूड सोलून शिशाचे टोक बारीक पॉलिश कागदावर सपाट घासतात, ती 45 अंशांच्या कोनात धरतात आणि ठरावीक वजनाखाली, आंतरराष्ट्रीय मानकानुसार 750 ग्रॅमच्या दाबाने, पृष्ठभागावर पुढे ढकलतात. ज्या सर्वांत कठीण पेन्सिलीने थरावर खूण उमटत नाही, तो त्या थराचा दर्जा. चाचणी उपयुक्त आहे, रंगाच्या उद्योगात ती रोज वापरली जाते आणि तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या 9 आकड्याची गल्लत मोहस यांच्या कठीणता श्रेणीतल्या 9 या आकड्याशी होऊ देण्याची. फ्रीड्रिख मोहस यांनी 1812 मध्ये मांडलेल्या त्या श्रेणीत 1 म्हणजे संगजिरे, 7 म्हणजे क्वार्ट्‌झ, 9 म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात ते कुरुंद आणि 10 म्हणजे हिरा. ग्राहकाच्या मनात ‘हिऱ्याच्या खालोखाल’ ही प्रतिमा उभी राहते आणि ती दुरुस्त करण्याची तसदी कुणी घेत नाही. प्रत्यक्षात मातीच्या पेन्सिलीला दाद न देणारा थर क्वार्ट्‌झच्या कणाला सहज दाद देतो, आणि रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचेच, कण असतात. कोरड्या फडक्याने गाडी पुसताना आपण हेच कण दाबून फिरवत असतो. कोटिंगचा थर बहुधा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा असतो. तेवढ्या पापुद्र्याने वाळूचा कण अडवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

‘मग कोटिंग करायचेच कशाला?’ असा प्रश्न समोरून आला, तो योग्यच आहे. कोटिंगचे गुण खरे आहेत, फक्त ते वेगळे आहेत. सिलिका किंवा पॉलिसिलाझेन वर्गातले हे द्रव हवेतल्या आर्द्रतेशी संयोग पावून घट्ट जाळीदार थर बनवतात. त्या थरावर पाणी पसरत नाही. चांगल्या कोटिंगवर थेंबाचा स्पर्शकोन 100 अंशांच्या पुढे जातो, थेंब गोल राहतो आणि उतारावरून घरंगळतो. चिखल घट्ट चिकटत नाही, म्हणून धुताना कमी घासावे लागते, आणि कमी घासणे म्हणजेच कमी चरे. चऱ्यांपासून मिळणारे संरक्षण हे असे आडवळणाने मिळते. शिवाय सौम्य आम्ले, क्षार, झाडांचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा यांना क्लिअर कोटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. विष्ठा उन्हात वाळून आकसते तेव्हा खालचा तापलेला, मऊ झालेला थर ओढला जातो आणि डाग कायमचा बसतो. कोटिंगमुळे आपल्याला काही तासांची सवलत मिळते, अभय मिळत नाही. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण सुंदर झळाळी देते पण काही आठवड्यांतच ओसरते, कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात आणि सिरॅमिक त्याहून बराच अधिक काळ. उडणाऱ्या खड्यांपासून खरोखर वाचायचे असेल तर यांपैकी एकही उपयोगाचे नाही. त्यासाठी सुमारे 150 ते 200 मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्मच हवी.

जाता जाता थेंबांविषयी एक सांगतो, कारण याबाबत फार गैरसमज आहे. थेंब गोल होणे थांबले म्हणजे कोटिंग संपले, असे लगेच समजू नये. पुष्कळदा त्यावर धुळीचा आणि तेलकटपणाचा पातळ थर बसलेला असतो आणि नीट धुतल्यावर थेंब पुन्हा उभे राहतात. उलट, जड पाण्याचे गोल थेंब उन्हात वाळू दिले तर प्रत्येक थेंबातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार एका जागी साचून पांढरी कडी उमटतात. कोटिंग केलेली गाडी म्हणूनच अधिक तत्परतेने टिपून कोरडी करावी लागते.

आता तयारीविषयी. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेल अशा वेळी धुवावी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सुटी धूळ पूर्ण काढावी, मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा गाडीवरून फिरवला की प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यावा आणि मगच शाम्पूत बुडवावा. छतापासून सुरुवात करावी आणि दारांचा खालचा भाग व बंपर शेवटी घ्यावेत, कारण वाळू तिथे सर्वाधिक असते. चाकांसाठी मोजा आणि बादली वेगळीच ठेवावी. कोटिंग केले तरी पुढची अनेक वर्षे गाडी अशीच धुवायची आहे, म्हणून ही सवय ज्याला जमणार नसेल त्याने कोटिंगचा खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

धुतल्यावर एक परीक्षा करून पाहा. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पृष्ठभाग बोटांना खरखरीत लागतो. ब्रेक लावताना उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण गरम असतानाच रंगात रुततात आणि तिथे गंजतात. त्यासाठी मिळणारा लोहनाशक फवारा मारला की त्या कणांशी प्रक्रिया होऊन जांभळे ओघळ उतरू लागतात. पांढऱ्या गाडीवर ते पाहून माणूस दचकतोच. फवारा गाडीवर वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावा. त्यानंतरही उरलेल्या कणांसाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर ओलावा देऊन, दाब न देता, सरळ रेषेत फिरवावा आणि तो घडी करून करून त्याची स्वच्छ बाजू वर आणत राहावी. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा. पुसून पुन्हा वापरण्याचा मोह महागात पडतो.

मग पॉलिश. कंपन आणि फिरणे अशा दुहेरी गतीचे यंत्र नवशिक्याला सुरक्षित असते, कारण एका जागी ते सहसा फार उष्णता निर्माण करत नाही. आधी हातभर चौकोनात सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे; त्याने काम भागले तर तीव्र कंपाउंडला, म्हणजे थर अधिक खरवडणाऱ्या पॉलिशला, हात लावू नये. पत्र्याच्या कडा आणि घड्या यांवर क्लिअर कोट पातळ असतो, तिथे चिकटपट्टी लावून ठेवावी. टॉर्च तिरका धरून पाहावे. प्रत्येक खोल चरा निघालाच पाहिजे हा हट्ट धरू नये, कारण तो काढण्यासाठी त्याच्या खोलीइतका थर सगळीकडून उतरवावा लागतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि वेळ संपत आला आहे, त्यामुळे पत्रिकेवरचा विषय आता भराभर सांगतो.

पॉलिशमधल्या तेलांनी चरे तात्पुरते झाकले जातात आणि त्या तेलावर कोटिंग धरत नाही. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलयुक्त पॅनेल वाइपने प्रत्येक भाग पुसून पुन्हा टॉर्च लावावा. चरे परत दिसले तर पॉलिश पुन्हा करावे, त्याच अवस्थेत पुढे जाऊ नये. बंदिस्त पण वारा खेळता असेल अशा जागी काम करावे. ऊन, पाऊस आणि उडती धूळ नको. नायट्रिल हातमोजे घालावेत. काही प्रकारांतून घट्ट होताना अमोनियाही बाहेर पडतो, म्हणून वायुवीजन आणि योग्य मास्क यांबाबत तडजोड नको. अलीकडेच पुन्हा रंगवलेल्या भागातून द्रावक पूर्ण उडून गेलेले नसते. तिथे रंगाऱ्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत थांबावे.

स्पंजच्या ठोकळ्याभोवती मऊ स्वेडचा तुकडा गुंडाळून त्यावर काही थेंब घ्यावेत आणि एका वेळी साधारण दोन फूट चौरस भागावर आधी आडवे, मग उभे हात फिरवावेत. थोड्या वेळात पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी छटा येते किंवा थर बारीक दाणेदार दिसू लागतो. हाच पुसण्याचा क्षण. तो उन्हाळ्यात लवकर येतो, गारठ्यात उशिरा, म्हणून घड्याळापेक्षा डोळ्यांवर विसंबावे. एका मायक्रोफायबरने हलकेच सारखे करावे, दुसऱ्या कोरड्याने शेवटचा हात फिरवावा, आणि पुढच्या भागाकडे वळण्याआधी टॉर्चने प्रत्येक कोपरा पाहावा. राहून गेलेला गडद पट्टा काही मिनिटांत सापडला तर तिथेच थोडे ताजे कोटिंग लावून तो विरघळतो. दुसऱ्या दिवशी सापडला तर तेवढा भाग पॉलिशने उतरवून पुन्हा करावा लागतो. थर जाड मारून टिकाऊपणा वाढत नाही, असे पट्टे मात्र वाढतात.

पहिले 24 तास गाडीवर पाण्याचा थेंब पडू देऊ नये आणि साधारण आठवडाभर शाम्पू लावू नये. बाटलीवरील सूचना वेगळी असेल तर ती पाळावी. वापरलेले फडके धुऊन पुन्हा गाडीवर आणू नयेत, कारण त्यांत मुरलेले कोटिंग घट्ट होऊन त्याचे टोकदार कण बनतात आणि त्यांनीच नवे चरे पडतात. उरलेली बाटलीही कपाटात जपून ठेवण्याचा फारसा उपयोग नाही. एकदा हवेतला ओलावा आत गेला की द्रव आतल्या आतच गोठू लागतो. तो तेवढ्यात चाकांच्या रिमवर लावून टाकावा, ब्रेकची काळी धूळ तिथे सर्वाधिक बसते.